डाव्या जबड्याखालचा भोवरा

जयभीम

धंतोली, नागपूर
३ मार्च १९७९

श्री. बाबाराव नत्थूजी यांस,

आमच्या दवाखान्यातील 'न्हावी, एक जागा' या पदासाठी आपण केलेला अर्ज मिळाला. ऑपरेशनच्या आधी रोग्यांची दाढी व केस साफ करणे, असे या पदाचे काम आहे. आपला अनुभव तीस वर्षांचा आहे आणि 'नरखेड भागात माझ्या हाताची कोणी तक्रार केलेली नाही' असे आपण अर्जात लिहिले आहे.

त्या अनुषंगाने कार्यालयाला एका बाबीचा खुलासा हवा आहे. आपण कधी कोणाची दाढी अर्धी सोडून पळून गेला आहात काय? गेला असल्यास कोणाची, कोठे आणि का, हे स्वतःच्या अक्षरात कळवावे. खुलासा आल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही.

कागदाच्या माथ्यावर जयभीम लिहिला आहे. कचेरीच्या पत्रावर तसे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. तो नजरचुकीने पडलेला नाही.

लहानू देवाजी सोमकुवर
बडेबाबू


धंतोली
१७ मार्च १९७९

बाबाराव,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डात तुम्ही किती वेळा 'साहेब' लिहिलंय! 'तशी कोणती गोष्ट झाल्याचं आठवत नाही, झाली असल्यास साहेबांनी मोठ्या मनानं पोटात घालावी.' वा रे वा! आठवत तर नाही, आणि माफी मात्र आधीच मागून ठेवली. चोराच्या मनात चांदणं.

जाहिरातीच्या खाली 'एल. डी. सोमकुवर' वाचून तुम्हाला वाटलं असेल, कोणी बडा साहेब असेल नागपूरचा. एल म्हणजे लहानू आणि डी म्हणजे देवाजी, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? गावात आमची नावं कोणी पूर्ण उच्चारलीच नव्हती. मी याच दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो. फिनाइलची बादली उचलली, रात्रशाळा केली, टायपिंग शिकलो. आता ज्या टेबलावर तुमचा अर्ज पडला आहे ते बडेबाबूचं, म्हणजे हेडक्लार्कचं, टेबल माझं आहे. तुमच्या आधीचे चार अर्ज मी वाचले. त्यातला एकही तुमच्या अर्जाच्या तोडीचा नाही, आणि तरीही तुमचाच अर्ज मी सगळ्यात खाली ठेवला आहे.

एक गोष्ट सांगतो, ऐकून ठेवा. सत्तावीस वर्षांत माझ्या गालाला कोण्याही न्हाव्याचा हात लागलेला नाही. नागपुरात सलूनमध्ये कोणी जात विचारत नाही, ते मला कळतं. व्हरायटी चौकात चारी बाजूंनी आरसे लावलेली सलूनं आहेत. मी एकाचीही पायरी चढलो नाही. स्वतः ब्लेडनं केली, रोज कुठे ना कुठे कापून घेतलं, कागदाचा तुकडा चिकटवून कचेरीत गेलो, पण गेलो नाही तुमच्यापैकी कोणाकडे.

आणि आता तर ब्लेडचीही गरज उरली नाही. मागल्या महिन्यात सीताबर्डीवरून विजेवर चालणारी दाढीची मशीन आणली. फॉरेनची आहे. तीन गोल जाळ्या, आत पाती फिरतात. साबण नको, पाणी नको, वस्तरा नको आणि न्हावी तर नकोच नको. बटण दाबायचं आणि गालावर फिरवायची. तुमच्या सात पिढ्यांची विद्या त्या डबीत बसली आहे, बाबाराव! सुरुवातीला जरा लाली येते, असं दुकानदार म्हणाला होता. येते थोडी. महिनाभरात जाते म्हणतात.

खुलासा पुन्हा पाठवा. या वेळी आठवून पाठवा.

लहानू देवाजी सोमकुवर


इमामवाडा, नागपूर
५ एप्रिल १९७९

बाबाराव,

आज मायना-बियना काही नाही. तुम्ही-आम्ही पण पुरे झालं. तू मले लहान्या म्हणत होता, मी तुले बाब्या. कचेरीतली मराठी कचेरीत ठेवून हे पत्र मी घरून लिहून राहिलो.

आज सकाळी उजवा गाल झाला आणि लाईन गेली. मशीन घुर्र करून थांबली. मी वाट पाहत बसलो, दहाला ट्रस्टींची मीटिंग, लाईन काही येईना. ब्लेडचा पुडा तर मीच मोठ्या तोऱ्यात उकिरड्यावर फेकून दिला होता. माही बायको मनकर्णा म्हणाली, "अहो, गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, दोन मिनिटाचं काम. जा ना जी." मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारची बाई दारात आली. मग मफलर काढला आणि एप्रिलच्या उन्हात मफलर गुंडाळून, अर्ध्या तोंडानं कचेरीत गेलो. चपराशी तोंड फिरवून हसला. एका ट्रस्टीनं विचारलं, "काय सोमकुवर, दात दुखून राहिला काय?" मी म्हटलं, हव.

असाच अर्ध्या तोंडानं मी एकदा नागपूरले आलो होतो. तुले आठवत नाही ना? मग मीच सांगतो.

जून महिना, बावन साल. मी मॅट्रिक झालो होतो. आपण दोघं एका शाळेत, तू आत, मी व्हरांड्यात, अन् खिडकीतून आपल्या पाट्या इकडून तिकडे. माह्या नोकरीची मुलाखत होती नागपूरले. आमच्या वस्तीत एक म्हातारा मोडक्या सुरीनं सगळ्यांची दाढी खरडत होता, कारण तुह्या बापाचा वस्तरा आमच्या गालाले लागला तर बाटत होता. मी तुह्याकडे मागायले आलो नव्हतो. तू आला होता. तू स्वतः म्हणालास, "लहान्या, साहेबासमोर असा जाशील? उद्या उजाडता उजाडता संत्र्याच्या बगीच्यात ये, विहिरीच्या मागं. मी करून देतो." तुह्या तोंडचे शब्द आहेत हे. मी एक अक्षर पदरचं घातलं नाही.

मी आलो. तू साबण लावला, दोन्ही गालाले, बोटं फिरवून फिरवून. पहिल्यांदाच कोणीतरी माह्या तोंडाले असा हात लावला होता, अन् मले रडू येऊन राहिलं होतं, खोटं कायले सांगू. उजवी बाजू झाली. इतक्यात भैय्याजी बगीचा पाहायले आला. साऱ्या गावाचा मालक तो. त्यानं पाहिलं. आणि तू उडी मारून उठला, वस्तरा टाकला आणि बोंबलला, "यानं माहा हात धरला! जबरीनं बसवलं मले!"

बस. मग तू पळाला.

भैय्याजीनं माह्या बापाले चावडीवर बोलावलं. देवाजी सोमकुवर, पन्नास वर्षांचा माणूस, उन्हात उकिडवा बसवला आणि पायातला जोडा काढून त्याच्या डोक्यात मारला. गाव पाहत होतं. तू होतास, तुह्या बापाच्या मागं उभा. तुह्या बापानं तो वस्तरा पडीक विहिरीत फेकला, कारण तो माह्या गालाले लागला होता. मी तसाच, डावा गाल साबणानं वाळलेला, तोंडाले दुपट्टा बांधून नरखेडच्या स्टेशनावर गेलो. मुलाखतीत साहेबानं दुपट्टा काढायले लावला. मग जे हसले ते हसले. ती नोकरी मले भेटली नाही.

पण मले सगळ्यात जास्त काय सलते, सांगू? मी बापाले खरं सांगतलं होतं. तो म्हणाला, "न्हाव्याचं पोट्टं आपल्याले कायले बोलावन? तूच धरला असशीन हात. काहून धरला गा?" मी शपथ घेतली. त्यानं मान हलवली. पुढं कोणी त्याले कामाले बोलावलं नाही आणि दोन वर्षांत तो गेला, दीक्षेच्याही आधी. लेकानं घात केला असं समजून गेला.

आता तुले नोकरी पाहिजे माह्याकडून! थांब लेका.

लहानू


इमामवाडा
२४ एप्रिल १९७९

बाबाराव,

तुहं बंद पाकीट मिळालं. आता आठवलं ना सगळं? 'भैय्याजीले पाहून भेव वाटला, वय लहान होतं, तोंडातून निघून गेलं.' तोंडातून निघून गेलं! थुंकी निघून जाते तोंडातून. हे तर तू नीट जोडून सांगतलं होतं, हात धरला, जबरीनं बसवलं. पुढं लिहितोस, जुनं उकरून काहून काढता. अरे, तुह्यासाठी जुनं आहे. माह्या बापाच्या डोक्यात तो जोडा मले रोज पडताना दिसते.

पण पाकिटाच्या दुसऱ्या पानानं मले हलवलं. ते मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंस: 'तुम्ही लाली येते म्हणून लिहिलं होतं. ती डाव्या जबड्याखाली आहे काय? तिथं तुमच्या दाढीत भोवरा आहे. तिथले केस खालून वर फिरतात. मशीन उलटी दाबाल तर केस कातडीच्या आत वळतीन आणि पिकतीन. साबण लावताना बोटाले लागला होता.'

मी तुले कोणता गाल ते लिहिलं नव्हतं.

खरं आता लपवत नाही. लाली नाही, आग आहे. मशीन आणल्यापासून डाव्या गालावर पुरळ उठलं, मग त्याच्या पुटकुळ्या झाल्या, मग त्या पिकल्या. उशीले गाल लागला की झोप जाते. कॉलर घासली की डोळ्यात पाणी येते. खोबरेल लावलं, तुरटी लावली, हळद लावली, मनकर्णानं कडुनिंबाचा पाला उकळून दिला. उजवा गाल मात्र पोरीच्या गालावाणी साफ. मले वाटलं मशीनच एका बाजूनं खराब आहे. म्हणून मी जास्त जोरात दाबत गेलो.

शेवटी आमच्याच दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई, कुसुमताई, त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. म्हणाल्या, "सोमकुवर, उजवीकडं तुम्ही केसांच्या कलानं फिरवता आणि डावीकडं उलटं. इथं भोवरा आहे, तुम्हाला माहीत नाही? दाढी कशी करायची ते तुम्हाला कोणी शिकवलं?"

बाप्पा! सांगू, की एका बाजूची शिकवणी झाली आणि दुसऱ्या बाजूच्या आधीच मास्तर पळून गेला? उजवीकडं तुहा हात कसा गेला ते माह्या गालानं ध्यानात ठेवलं होतं, आणि सत्तावीस वर्षं मी तसाच हात फिरवत आलो. डावीकडं मी आपल्या मनानं चालवलं, रागानं. आमच्या बापजाद्यांच्या गालाले कोण्या जाणकाराचा हात लागला असता तर कोणी सांगतलं असतं, बाबा, तुह्या दाढीत भोवरा आहे. लोकांले हे त्यांचा न्हावी सांगते. मले ते पन्नाशीच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईनं भिंग लावून सांगतलं.

आणि तुले माहीत होतं! एकदा बोटं फिरवली आणि सत्तावीस वर्षं तुह्या ध्यानात आहे. मग एक सांग गा बाब्या. माह्या दाढीतला भोवरा तुले आठवते, अन् पहिल्या कार्डात माहा बाप आठवत नव्हता?

तीन आठवडे गालाले मशीन नाही, ब्लेड नाही, असं बाईनं सांगतलं आहे. मलम दिलं आहे, गरम पाण्याची घडी ठेवायले सांगतली आहे. मशीन कपाटात ठेवली. दाढी वाढून राहिली, पांढरी निघाली. काल माह्या मायनं, तुळसाबाईनं, जवळ बसवून तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुह्या बापावाणी दिसून राहिला गा." मग मी तिच्यासमोर बसलो नाही.

लहानू


इमामवाडा
४ मे १९७९

बाबाराव,

ही माही शर्त. एकदाच लिहीन.

रविवार, तेरा मे, सकाळी दहा वाजता, आपल्या गावात, चावडीवर. माह्या बापाले जिथं उकिडवा बसवला होता तिथंच तू उभा राहशील, आणि साऱ्या गावासमोर सांगशील की लहानूनं हात धरला नव्हता, मीच बोलावलं होतं, मी खोटं बोललो. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. तू लिहिलंस की भैय्याजी अजून जिता आहे, खाटेवर असते, कानानं कमी ऐकते. बरं झालं. खाटेसकट आणव त्याले. त्याच्यासमोर झालं पाहिजे, नाहीतर झालं नाही असं समजीन.

पेटी घेऊन ये, साबण, ब्रश, वस्तरा सगळं. बोलून झाल्यावर तिथंच माही दाढी करशील. मायले मी सोबत घेऊन येतो.

अर्ज माह्या खिशात असन. सही करायची की नाही ते तिथं पाहू.

लहानू


इमामवाडा
१४ मे १९७९

बाबाराव,

काल तू तिथंच होतास, तरी लिहितो. तू सारा वेळ मान खाली घालून होतास आणि मग निघूनच गेलास, म्हणून अर्धं तुले दिसलंच नाही.

आधी माह्या पोटातलं सांगतो. मी सही करायले आलो नव्हतो. तुह्याकडून सगळं बोलवून घ्यायचं, दाढी करून घ्यायची आणि मग उठून साऱ्यांसमोर तुहा अर्ज टराटरा फाडायचा, असं ठरवून आलो होतो. यष्टीत बसल्या बसल्या मी कितीदा खिशात हात घालून तो कागद चाचपला. घडी कुठं आहे, फाडायले कुठून सोपा जाईन, इथपर्यंत पाहून ठेवलं होतं. माय खिडकीत बसून संत्र्याचे बगीचे पाहत होती. तिले मी काहीच सांगतलं नव्हतं.

आणि तिथं कोण जमलं होतं? ज्यांच्यासमोर जोडा पडला त्यातलं एक माणूस नाही. सगळे मेले, नाहीतर गेले. मोटारसायकलींवर बसलेले पोट्टे होते, आमच्या वस्तीतले अन् तुमच्या आळीतले सारे मिसळून. त्यातला एक मले विचारते, "काका, हे काय प्रकरण होय? आमी तं नरखेडले सलूनमंदी सारे एकाच खुर्चीवर बसतो." त्याच्यावर रागवावं तरी कसं? तो खुर्चीवर बसावा म्हणूनच तर सारं झालं. तरी मले त्याचा राग आला.

तू पहिल्यांदा बोलला ते मलेच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं. भैय्याजी चावडीला लागून असलेल्या आपल्या घराच्या ओसरीवर खाटेवर बसला होता, कानामागं हात धरून. तो म्हणे, "काय म्हन्ते थो?" तवा तू जे केलंस ते मी सांगतलं नव्हतं. तू पेटी खाली ठेवली, त्याच्या खाटेपाशी गेला, त्याच्या कानाले तोंड लावलं आणि ओरडला, "लहानूनं हात धरला नवता! म्याच बोलावलं होतं! म्या खोटं बोललो!" एकदा नाही, तीनदा. शेवटच्या वेळी तुहा आवाज फाटला. आतून बायका बाहेर आल्या. पोट्टे मोटारसायकलीवरून उतरून उभे राहिले.

मी भैय्याजीच्या तोंडाकडं पाहत होतो. याच घडीसाठी मी सत्तावीस वर्षं जगलो होतो, बाब्या. त्याचं तोंड कसं पडते ते मले पाहायचं होतं.

तो म्हणाला, "कोन लहानू?"

तू म्हणालास, "देवाजीचा."

तो म्हणाला, "कोन देवाजी?"

तू सांगतलं, तुम्ही चावडीवर जोड्यानं मारला तो देवाजी. त्यानं थोडा वेळ आठवलं. लबाडी नव्हती त्याच्या तोंडावर, मी नीट पाहिलं. मग म्हणाला, "मारला असन. लय जनाले मारलं. कोन कोन ध्यानात राहीन?" आणि सुनेकडं वळून म्हणाला, "च्या आन वं."

माहा हात खिशातच राहिला. कोणाले दाखवू फाडून? माह्या बापानं ज्या दिवसाच्या ओझ्याखाली दोन वर्षांत जीव सोडला तो दिवस या माणसाच्या ध्यानातही नाही. त्याले दोन झापडा माराव्या असं वाटलं. पण मारलं असतं तरी त्याले कळलं नसतं कायसाठी मारलं. संध्याकाळपर्यंत तेही विसरला असता. एवढा राग मी कोणाच्या भरोशावर सांभाळला होता?

त्या वेळी तू बोलायले लागला. मी सांगतलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. तू भैय्याजीले हलवून हलवून सांगून राहिला होता, "देवाजी गा! विहिरी खांदे थो! या बगीच्यातली विहीर त्यानं खांदली, अन् पानी लागल्यावर त्याले तिच्यावर येऊ देलं नाई! हासे तं मान मांगं टाकून हासे!" मग तू त्या पोट्ट्यांकडं वळला आणि म्हणालास, नऊ वर्षांचा असताना नदीच्या डोहात बुडत होतो, देवाजीनं उडी टाकून काढलं. पोटातलं पाणी काढलं, काठावर काढून ठेवलेलं आपलं सुकं धोतर फाडून पुसलं, आणि म्हणाला, "बाबू, घरी सांगू नोको. मी हात लावला म्हून मारतीन तुले." तू सांगतलं नाही. कोणालेच नाही. "अन् त्याच मानसाले म्या जोडे खायाले लावले," असं म्हणून तू पेटी उचलली आणि चालता झाला.

हे मले माहीत नव्हतं. पत्रात तू हे एकदाही लिहिलं नाहीस. लिहिलं असतं तर मी तुले आणखी शिव्या दिल्या असत्या, म्हणूनच लिहिलं नसशील. ज्यानं तुहा जीव वाचवला त्याच्याच लेकाचं नाव तू घेतलंस. आधी तू मले भित्रा वाटत होतास. आता त्याच्याहून वाईट वाटतोस.

तू गेल्यावर माय उठली. माह्या दंडाले धरून चावडीच्या त्या जागेपाशी गेली, उभी राहिली. परतीच्या यष्टीत मी विचारलं, "माय, नदीतल्या पोराचं तुले माहीत होतं?" म्हणाली, "वल्ले होऊन आलते एकदा. फाटकं धोतर. कोनाले काढलं ते सांगतलं नाई." काटोल आलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी बी तुलेच खोटं समजत होती गा. मी समजली आज. आता तुह्या बापाले कोन सांगन?"

 

रात्रभर... नाही, झोपेचं काय घेऊन बसू. सकाळी कचेरीत गेलो आणि तुह्या अर्जावर सही केली. साहेबांचीही झाली. हुकूम सोबत जोडला आहे. माफ केलं असं समजू नको. माफ करायचं ते माह्या बापानं, आणि तो नाही. तुहं काम चांगलं आहे, पाच अर्जांत तुहाच अर्ज खरा होता, एवढ्यासाठी सही झाली असं लोकांले सांग.

खरी गोष्ट वेगळी आहे. काल मले कळलं की देवाजी सोमकुवर कोण होता हे माहीत असलेली आता तीनच माणसं उरली. माय पंचाहत्तरीची आहे, आज आहे तर उद्या नाही. मी त्याच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मागं जाऊन त्याले कधी पाहूच शकलो नाही, डोळे मिटले की चावडीच दिसते. हसताना मान मागं टाकत होता, हे मी पार विसरलो होतो. ते तुह्यापाशी निघालं. माह्या बापाचं जे काही चांगलं आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही, अन् निघालं तर तुह्यापाशी! याच्यासारखी चीड येणारी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. म्हणून तुले गावात मरू देणार नाही. माह्या डोळ्यासमोर ठेवीन.

तर सजा ऐक. सोमवारी, एकवीस तारखेले हजर व्हायचं. दवाखान्याचं काम आठ वाजता सुरू होते. त्याच्या आधी सात वाजता इमामवाड्यात माह्या घरी यायचं, रोज, रविवार धरून. कुसुमताई म्हणतात गाल भरला, आता वस्तरा चालते. दाढी तू करायची, दोन्ही बाजूची. आणि करता करता माह्या बापाचं सांगायचं, नदीचं, विहिरीचं, तो काय गात होता, कोणाशी भांडत होता, पोरांले काय खायले देत होता. रोज एक. नवं आठवलं नाही तर कालचंच सांगायचं, पण सांगितल्याशिवाय वस्तरा खाली ठेवायचा नाही. तुले किती लाज वाटते त्याच्याशी मले देणंघेणं नाही.

माय समोर बसून ऐकेल. चुकलास तर ती टोकेल.

देवाजीचा
लहानू